वेळ पाळणारे यंत्र : एका संगणकीय संकल्पनेची मराठी मांडणी

'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण मराठी माणूस अपघातातून वाचलेल्याविषयी सहज बोलून जातो. तीत काळ आणि वेळ या दोन शब्दांमध्ये भाषेने केवढा भेद केला आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. काळ अखंड वाहतो. त्याला कोणाशी देणेघेणे नसते. वेळ ही त्या काळात कोणीतरी घातलेली खूण होय. ती येते, टळते, साधते, चुकते आणि पाळलीही जाते. 'काळ पाळला' असे मराठीत कोणी म्हणत नाही. संस्कृत 'वेला' या शब्दाचा हा वारसा आहे. अमरकोशाच्या नानार्थवर्गात वेला या शब्दाला समुद्राची भरती, काल आणि मर्यादा असे तिन्ही अर्थ दिलेले आढळतात. किनाऱ्याची मर्यादा आणि दिवसाची घटका यांना एकच शब्द पुरावा, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

संगणकशास्त्रात 'रिअल टाइम' अशी एक संज्ञा आहे. तिचे भाषांतर हिंदीत 'वास्तविक समय' असे रूढ झाले, आणि मराठीतही 'वास्तविक वेळ', 'वास्तव काल' असे शब्द त्याच वळणावर तयार झाले. पहिल्या पदाचे शब्दशः रूपांतर झाल्याने येथे एक विपरीत गोष्ट घडली. वाचकाला वाटते की, कोठेतरी अवास्तव काळही असावा आणि त्याच्या तुलनेने हा खरा. वृत्तपत्रांनी ही अडचण टाळण्यासाठी 'तत्काळ' हा पर्याय वापरला, तेव्हा गैरसमज अधिकच पक्का झाला. आता रिअल टाइम म्हणजे अतिवेगवान असा अर्थ सुशिक्षित वाचकही गृहीत धरतो. मूळ संकल्पनेत वेगाला दुय्यम स्थान आहे. उत्तर किती लवकर मिळाले यापेक्षा ते ठरलेल्या मुदतीच्या आत मिळेलच याची हमी आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न आहे.

हा प्रश्न समजण्यास भिलाईसारखे दुसरे ठिकाण नाही. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये भिलाई पोलाद कारखान्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला त्या वेळी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती व हिंदी आणि मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या. 1956च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर एकीकडे गेले, दुर्ग-भिलाई दुसरीकडे. छत्तीसगढीत वेळेला 'बेरा' म्हणतात. 'संझा बेरा' म्हणजे सांजवेळ. हा बेरा त्याच वेलेचा वंशज. मराठीने त्यातील लकाराचा ळकार केला, छत्तीसगढीने रकार. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी शब्दांचे नाते असे राहून जाते.

भिलाईत रेल्वेचे रूळ लाटले जातात. 130 मीटर लांबीचा अखंड रूळ तेथे तयार होतो. तापून लाल झालेला पोलादाचा ठोकळा लाटयंत्राच्या रुळांमधून पुढेमागे जात जात लांब व बारीक होतो. समजा, तो एखाद्या टप्प्यावर सेकंदाला पाच मीटर या गतीने सरकत आहे, आणि त्याचे टोक ठरावीक जागी येताच एक यंत्र चालू व्हावयाचे आहे. टोक आल्याची सूचना मिळाल्यापासून आज्ञा सुटेपर्यंत एका सेकंदाचा शंभरावा भाग गेला, तर पोलाद पाच सेंटिमीटर पुढे गेलेले असते. नियंत्रण करणाऱ्या संगणकाने नव्व्याण्णव वेळा ही आज्ञा हजाराव्या भागात दिली आणि शंभराव्या वेळी दुसऱ्या कामात गुंतल्यामुळे अर्धा सेकंद लावला, तर त्याची सरासरी उत्तम दिसेल. पण शंभराव्या वेळी अडीच मीटर पोलाद निसटून गेलेले असेल. सरासरीच्या भाषेत बोलणारा संगणक येथे कामाचा नाही. दरवेळी शंभराव्या भागाच्या आत, मग तो कितीही संथ असो, आज्ञा देणारा संगणक मात्र कामाचा आहे. उशिरा आलेले बरोबर उत्तर हे येथे चूक उत्तर ठरते. रिअल टाइम या संज्ञेचा सारा आशय एवढ्यात आला.

असे वेळ पाळणारे यंत्र प्रत्यक्षात कसे उभे राहते, हे पाहण्यासाठी कारखान्यात जाण्याची गरज नाही. भिलाईजवळ कुटेलाभाटा येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर आहे. ही संस्था 2016 मध्ये स्थापन झाली आणि प्रथम रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात चालली. अशा संस्थांतून व देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून हल्ली तळहातापेक्षा थोडी मोठी एक मंडलपाटी अभ्यासासाठी वापरतात. तिच्यावरील मुख्य चिपेला 'एफपीजीए' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. पूर्ण नाव फील्ड प्रोग्रॅमेबल गेट ॲरे. अमेरिकेतील झायलिंक्स या कंपनीने 1985 मध्ये अशी पहिली चिप बाजारात आणली. रॉस फ्रीमन हे तिचे जनक मानले जातात.

सामान्य चिप ही शिलालेखासारखी असते. कारखान्यात एकदा कोरली की ती बदलत नाही. एफपीजीएची तुलना धूळपाटीशी करणे अधिक योग्य. तिच्यात हजारो लहान कोष्टके असतात. प्रत्येक कोष्टकात सहा होय-नाही प्रश्नांच्या सर्व चौसष्ट संभाव्य जोडण्यांची उत्तरे लिहून ठेवता येतात. मुलांनी पाढा पाठ करावा आणि गुणाकार न करताच उत्तर सांगावे, तसे हे कोष्टक विचार न करता उत्तर देते. कोष्टकांच्या शेजारी एकेक क्षणाची स्मृती धरणारे घटक असतात, आणि या सर्वांमधून जोडता-तोडता येणाऱ्या तारांचे जाळे पसरलेले असते. कोणत्या कोष्टकात कोणती उत्तरे लिहावयाची आणि कोणती तार कोठे जोडावयाची, याची एक लांबलचक यादी चिपेत भरली की, ती यादी सांगेल ते यंत्र चिपेतून प्रकट होते. वीज गेली की पाटी कोरी होते. म्हणून यादी शेजारच्या कायम स्मृतीत जपून ठेवतात आणि वीज येताच ती पुन्हा भरली जाते. आर्टी ए-7 या नावाच्या एका स्वस्त मंडलपाटीच्या लहान आवृत्तीत अशी 20,800 कोष्टके आहेत. एक साधा संगणक-प्रक्रियक मांडावयास ती पुरतात.

असा प्रक्रियक भारतातच रचला गेला आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. व्ही. कामकोटी यांच्या मार्गदर्शनाखाली 'शक्ती' या नावाने प्रक्रियकांची एक मालिका तयार झाली. बर्कली येथील विद्यापीठात 2010 पासून विकसित झालेली रिस्क-फाइव्ह ही खुली आज्ञासंहिता तिने स्वीकारली आहे. मालिकेतील लहान प्रक्रियक आर्टी मंडलपाटीवर बसवता येतात, आणि त्या मांडण्यांना दिलेली नावे भारतीय साहित्याच्या अभ्यासकास ओळखीची वाटतील : सर्वांत लहान मांडणी 'पिनाक', त्याहून मोठ्या पाटीवरील 'परशु', आणि चौसष्ट द्विअंकी प्रक्रियक असलेली 'वज्र'. शिवाचे धनुष्य, भार्गवरामाची कुऱ्हाड आणि इंद्राचे आयुध अशी ही चढती श्रेणी आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेले सी-डॅक, याच्या तिरुवनंतपुरम शाखेने 'वेगा' ही अशीच दुसरी मालिका रचली. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्र शासनाने स्वदेशी मायक्रोप्रोसेसर स्पर्धा जाहीर केली, तेव्हा शक्ती आणि वेगा हेच प्रक्रियक स्पर्धकांपुढे ठेवले होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने रचलेला 'अजित' हा प्रक्रियकही याच प्रयत्नांच्या माळेतला.

मंडलपाटीवर पिनाक मांडताना वेळेची पहिली कसोटी लागते, तीही कार्यप्रणालीचे नावसुद्धा निघण्यापूर्वी. प्रक्रियकाला एक स्पंद चालवतो. हा स्पंद सेकंदाला पाच कोटी वेळा पडावयाचा, तर दोन स्पंदांमध्ये वीस नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे वीस भाग, एवढाच अवकाश उरतो. एका स्मृतिघटकातून निघालेला संकेत वाटेतील कोष्टके ओलांडून पुढच्या स्मृतिघटकापर्यंत या अवकाशात पोहोचलाच पाहिजे. मांडणी करणारी संगणकप्रणाली हजारो वाटांचा हिशेब करते आणि प्रत्येक वाटेवर किती वेळ शिल्लक राहतो ते सांगते. हिशेब सर्वांत वाईट परिस्थिती धरून होतो. चिप तापलेली आहे, विजेचा दाब उतरलेला आहे असे मानून. एका वाटेवरची शिल्लक ऋण निघाली तरी मांडणी सदोष ठरते. इतर वाटांवर भरपूर वेळ उरला आहे हे तेथे समर्थन होऊ शकत नाही. लाटयंत्राच्या उदाहरणातील न्यायच येथे अतिसूक्ष्म प्रमाणात लागू झालेला दिसतो.

यावर दुसरा मजला चढतो तो कार्यप्रणालीचा. पिनाकासारख्या प्रक्रियकावर फ्री-आरटीओएस ही कार्यप्रणाली चालवता येते. रिचर्ड बॅरी यांनी ती 2003 मध्ये सुरू केली आणि 2017 पासून तिची व्यवस्था ॲमेझॉनच्या संगणकसेवा विभागाकडे आहे. तिचा गाभा आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. सी भाषेत लिहिलेल्या तीन मुख्य धारिका, आणि प्रत्येक प्रक्रियकासाठी वेगळा लिहावा लागणारा थोडासा भाग. तिचे कर्तव्य एकच : प्रक्रियक एक, कामे अनेक, कोणत्या क्षणी कोणते काम चालावे हे ठरवणे.

यासाठी चिपेत एक मोजणीयंत्र असते. त्यातील आकडा सतत वाढत जातो आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्याला पोहोचला की प्रक्रियकाला हाक मारतो. घटिकापात्र भरून बुडाले की घड्याळजीने टोल द्यावा, तशी ही व्यवस्था आहे. फरक इतकाच की घटिका चोवीस मिनिटांची असे, आणि येथे टोल बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाला पडतो. पाच कोटी स्पंदांच्या प्रक्रियकावर दोन टोलांमध्ये पन्नास हजार स्पंद मावतात. टोल पडला की चालू काम जेथे असेल तेथे थांबते, त्याच्या हातातील सुमारे तीस आकडे त्याच्या स्वतःच्या स्मृतिपेटीत ठेवले जातात, तयार असलेल्या कामांपैकी सर्वांत वरच्या अग्रक्रमाचे काम निवडले जाते, त्याचे जुने आकडे परत त्याच्या हाती दिले जातात आणि ते जणू कधी थांबलेच नव्हते असे पुढे चालू लागते. या सर्व व्यवहाराला लागणारा वेळही मोजका व बांधलेला असावा लागतो. पहारेकऱ्यानेच उशीर केला तर बाकीच्यांच्या वेळेला अर्थ राहत नाही.

येथे मराठीची श्रीमंती लक्षात येते. या व्यवहाराचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी संज्ञांना जड संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोह होतो; पण घरात पडलेले शब्द अधिक नेमके आहेत. कामांना क्रम लावणे म्हणजे 'पाळी लावणे'. भिलाईच्या कामगाराची पाळी आणि प्रक्रियकातील कामाची पाळी यांत तत्त्वतः अंतर नाही. समान अग्रक्रमाची कामे टोलागणिक आलटूनपालटून चालतात, त्याला 'पाळीपाळीने' हा क्रियाविशेषण आजीबाईंच्या खेळापासून उपलब्ध आहे. एखादे काम दुसऱ्याकडून येणाऱ्या गोष्टीची वाट पाहत निजून राहते, त्याला 'खोळंबणे' म्हणावे. 'अवरुद्ध होणे' या शब्दात अडथळा आहे, पण वाट पाहणे नाही. खोळंबण्यात दोन्ही आहेत. मोजणीयंत्राच्या हाकेला कोशांतून 'व्यत्यय' असा शब्द दिला जातो. तो मात्र दिशाभूल करतो. व्यत्यय नकोसा असतो. ही हाक नसेल तर वेळ पाळलीच जाणार नाही. 'हाक' हाच शब्द ठेवण्यात बिघडते काय, असा प्रश्न परिभाषाकारांना विचारता येईल.

पाळी लावण्याचे शास्त्र केवळ अनुभवावर सोडलेले नाही. 1973 मध्ये सी. एल. लिउ आणि जेम्स लेलँड यांनी सिद्ध केले की, ठरावीक अंतराने परत येणाऱ्या, परस्परांवर अवलंबून नसलेल्या कामांपैकी जे अधिक वारंवार येते त्याला वरचा अग्रक्रम दिला, आणि प्रक्रियकावरील एकूण भार एका मर्यादेच्या आत ठेवला, तर कोणाचीही मुदत कधीही चुकणार नाही. तीन कामे असतील तर ही मर्यादा सुमारे 78 टक्के असते. कामे वाढत गेली की ती उतरत 69 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. समजा, पोलादाचे तापमान पाहण्याचे काम दर दहा मिलिसेकंदांनी येते व त्याला दोन लागतात. टोकाची जागा पाहण्याचे काम दर वीसने येते व त्याला पाच लागतात. पडद्यावर आकडे दाखवण्याचे काम दर शंभराने येते व त्याला वीस लागतात. भार अनुक्रमे वीस, पंचवीस आणि वीस टक्के, एकूण पासष्ट. ही तिन्ही कामे पिनाकावर निश्चिंतपणे सोपवता येतील. उरलेले पस्तीस टक्के हा आळस नव्हे. हमी ज्यातून दिली जाते ते तारण आहे. मर्यादेच्या पलीकडे गेले की सर्व काही लगेच कोसळते असे मात्र नाही. काही कामांचे गणित तेथेही जमते, परंतु प्रत्येक वेळी ते वेगळे सिद्ध करावे लागते.

अग्रक्रमाचा नियम कसा उलटू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवरचे नाही. 4 जुलै 1997 रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्यावरील संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. कारण शोधले असता दिसले ते असे : हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या अग्रक्रमाच्या कामाने सामाईक वस्तूचे कुलूप घेतले होते; वरच्या अग्रक्रमाचे काम त्याच कुलपासाठी खोळंबले; आणि मधल्या अग्रक्रमाच्या, कुलपाशी संबंध नसलेल्या संदेशवहनाच्या कामाने खालच्या कामाची पाळी हिरावून घेतली. परिणामी मधला वरच्याला अडवून बसला. वरच्याची मुदत चुकल्याचे पहारा यंत्रणेच्या ध्यानात आले आणि तिने सर्वच व्यवहार थांबवून पहिल्यापासून सुरू केले. प्रत्येक कामाचा तर्क निर्दोष होता. चुकली ती वेळ. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हा प्रकार पुन्हा घडवून पाहिल्यावर शास्त्रज्ञांनी एक बदल मंगळावर पाठवला : कुलूप ज्याच्याजवळ असेल त्याला, त्यासाठी खोळंबलेल्या वरिष्ठाचा अग्रक्रम तेवढ्यापुरता उसना मिळावा. इंग्रजीत या उपायाला वारशाची उपमा दिली आहे. ती फारशी बरोबर नाही. वारसा कायमचा असतो आणि तो मृताकडून येतो. येथे अधिकार कुलूप सोडताच परत जातो. 'उसना अग्रक्रम' हे नाव अर्थाला अधिक जवळचे. फ्री-आरटीओएसमधील एका प्रकारच्या कुलपात ही सोय आहे, दुसऱ्या साध्या प्रकारात ती नाही. आणि मंडलपाटीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने चुकीचा प्रकार निवडला, तर मंगळावरचा प्रसंग त्याच्या मेजावर घडू शकतो.

शब्दांची ही चर्चा भिलाईच्या परिसराला नवी नाही. छत्तीसगढातील पेंड्रा येथून 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशात अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम त्यांनी पाहिले. पुढे चाळीसच्या दशकात डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरास आले आणि रायपूरच्या रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धातूंतून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली, आणि काही प्रमाणात ती योग्यही होती. तथापि एका संज्ञेतून दुसरी संज्ञा नियमाने निघाली पाहिजे हा त्यांचा आग्रह शास्त्राच्या दृष्टीने रास्त होता. मंडलपाटीच्या बाबतीत आज दिसते ते उलट चित्र आहे. यंत्रांना पिनाक आणि वज्र म्हणावयाचे, आणि पिनाकात काय चालते ते सांगणारी मार्गदर्शिका मात्र इंग्रजीत ठेवावयाची. नामकरणाच्या वाट्याला भारतीय भाषा आल्या. स्पष्टीकरणाच्या वाट्याला आल्या नाहीत.

हिंदीतील 'समय' हा शब्द स्वतः निर्दोष आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. अमरकोशात समय म्हणजे काल, तसाच शपथ आणि करारही. 'वास्तविक' हे विशेषण जोडल्याने त्यातील कराराचा अर्थ झाकला गेला. मराठीत विशेषणाची गरजच नाही. 'वेळ' या शब्दात मर्यादा आहे आणि 'पाळणे' या क्रियापदात वचन आहे. 'वेळखाऊ' हा शब्द मराठीने केव्हाच घडवून वापरात आणला. त्याच साच्यात 'वेळपाळू' हा शब्द बसतो, आणि 'वेळपाळू कार्यप्रणाली' हे उच्चारल्यावर तिच्याकडून कशाची अपेक्षा करावी हे भिलाईतील मराठी कामगाराला निराळे सांगावे लागणार नाही. मुदत चुकली तर अनर्थ ओढवणारी आणि मुदत चुकली तर केवळ गैरसोय करणारी, असे या प्रणालींचे दोन वर्ग इंग्रजीत कठीण व मऊ या विशेषणांनी ओळखले जातात. मराठीने त्यासाठी 'कडक' आणि 'सैल' हे शब्द वापरावेत. सोवळ्यापासून शिस्तीपर्यंत पाळण्याच्या गोष्टींना मराठीत हीच विशेषणे लागत आली आहेत.